कोऱ्या बोटाचा जाब

(जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या, मुंबईत कामधंद्याला असलेल्या पोरांच्या घोडेगावच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललं तसंच छापलं आहे.)

 

मी विचारवंत नाही. दहावी पास माणूस आहे. दिवसा गोदीत ठेक्यावर ओझी उचलतो, रात्री कविता लिहितो. कवीला बोलावलं की लोकांना वाटतं हा आता चंद्रावर बोलणार. तुम्ही विषय दिलाय तो वेगळाच : जो माणूस ठरवून मत देत नाही त्याला नावं ठेवायची की नाही? विषय चांगलाय. कारण इथं बसलेल्यांपैकी कित्येकांच्या बोटाला गेल्या खेपेला शाई लागलेली नाही, आणि बाकीचे त्यांच्याकडं डोळे वटारून बघतायत.

निवडणूक झाली की दुसऱ्या दिवशी पेपरात टक्केवारी येते. तिच्याखाली कीर्तन सुरू होतं. मतदार झोपला. मतदार सहलीला गेला. मत न देणाऱ्याचं रेशन बंद करा. ज्यानं मत दिलं नाही त्याला तक्रार करायचा अधिकार नाही. हे शेवटचं वाक्य तर आता आपली पोरंही फेकायला लागलीत. म्हणून आधी त्याचा निकाल लावतो.

तक्रार करायचा अधिकार शाईच्या बाटलीतून येत नाही. डिंभ्याचं धरण झालं, घोड नदी अडली, आणि ज्या आंबेगावच्या नावानं हा तालुका आहे ते जुनं आंबेगावच पाण्याखाली गेलं. आदिवासींची भातखाचरं गेली. कालव्याचं पाणी खाली बागायतीला गेलं. ज्याचं खाचर बुडालं त्याच्या म्हाताऱ्यानं मत दिलं होतं का, हे विचारून पाणी चढलं नाही. साधी साबणाची वडी घेतली तरी आपण कर भरतो. दुकानदार बोट बघून कर माफ करत नाही. ज्यानं राज्याला जमीन दिली, घाम दिला, कर दिला, त्यानं तक्रार करायची नाही तर कुणी करायची?

आणि कायदा काय म्हणतो? १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं ७९ वं कलम आहे. त्यात मत देणं हा जसा निवडणुकीतला हक्क म्हटलाय, तसंच मत न देणं हाही हक्कच म्हटलाय. गुजरात सरकारनं स्थानिक निवडणुकांत मतदान सक्तीचं करायचा कायदा केला, तर २०१५ साली तिथल्या हायकोर्टानं त्याला स्थगिती दिली. म्हणजे मत न देणारा गुन्हेगार नाही, देशद्रोही नाही. हे एकदा डोक्यात पक्कं करा.

पण एखादी गोष्ट हक्काची आहे म्हणून तिच्यावर बोलायचंच नाही, असं कुठंय? शेजारी तापानं फणफणला असताना दार लावून झोपायचा मला हक्क आहे. कुठलाही पोलीस मला धरणार नाही. पण तुम्ही मला नावं ठेवाल, आणि बरोबर ठेवाल. तेव्हा टीका करायचीच. फक्त कुणावर, ते बघून करायची. पेपरवाल्यांना कोरी बोटं सगळी सारखीच दिसतात. मला ती सारखी दिसत नाहीत.

पहिलं बोट आपलंच. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ म्हणजे मुंबईला माणसं पुरवणारा मुलूख. डबेवाले इथले. भाजीबाजारात इथले, माथाडीत इथले, गोदीत इथले. नाव गावच्या यादीत आणि पोट मुंबईत. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला होतं, बुधवारी. आता कायद्यात आहे की मतदानाच्या दिवशी कामगाराला भरपगारी सुट्टी द्यायची, रोजंदारीवाल्यालासुद्धा. १३५-ब कलम. मालकानं नाही दिली तर दंड किती? पाचशे रुपयांपर्यंत! आमच्या मुकादमानं सरळ सांगितलं : जायचं तर जा, परवा मात्र येऊ नको. एसटीचं जाऊन येऊन भाडं, दोन दिवसांचा बुडालेला रोज, आणि तिसऱ्या दिवशी काम राहील का याची धास्ती. त्या माणसाला कुणी विचारलं, तू मतदान का निवडलं नाहीस, तर त्यानं काय सांगावं? त्यानं निवडलेलं नाही. त्याच्यासाठी ते दुसऱ्यानं निवडलंय. त्याला शिव्या देणाऱ्यानं आधी मुकादमाकडं जावं.

दुसरं बोट, ज्याला देऊच दिलं जात नाही त्याचं. दलित-आदिवासी माणसाला मत देण्यापासून धाकदपटशानं अडवणं हा १९८९ च्या अॅट्रॉसिटी कायद्यात गुन्हा आहे. कायद्यात गुन्हा कधी लिहितात? तो घडत असतो तेव्हा. आणि धाक काय फक्त काठीचा असतो? ग्रामपंचायत बिनविरोध झाली की केवढं कौतुक! २०२०-२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकांत आमदार लोक जाहीर करत होते की गाव बिनविरोध करा आणि एवढ्या लाखांचा निधी घ्या. नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात तर सरपंचपदाचा लिलाव झाला, देवळाच्या नावानं बोली कोटीवर गेली, आणि जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाला ती निवडणूक रद्द करावी लागली. बिनविरोध म्हणजे काय रे? अख्ख्या गावानं मत दिलेलं नाही. शंभर टक्के बहिष्कार! त्यांना कुणी आळशी म्हणत नाही. त्यांना हार घालतात. चार पाटलांनी पारावर बसून सगळ्यांची मतं गिळली की एकोपा, आणि गोदीतल्या हमालानं एक मत दिलं नाही की लोकशाहीला धोका. हा कुठला न्याय?

तिसरं बोट कुलाब्याचं. २०२४ च्या विधानसभेला कुलाब्यात निम्मेही मतदार बाहेर पडले नाहीत. तिथं कुणाची एसटी चुकली नव्हती. समुद्राकडं खिडक्या असलेल्या घरांतल्या माणसाला मताची गरज नसते, कारण त्याच्याकडं दुसरी मतं असतात. त्याचा फोन मंत्र्यापर्यंत पोचतो. त्याची देणगी पक्षाच्या खात्यात असते. त्याचा मेहुणा सचिवालयात असतो. तो रोज मतदान करतो, पाच वर्षांतून एकदा त्यानं नाही केलं तर काय बिघडलं? ह्याच्यावर टीका करा, जरूर करा. पण त्याच्या अंगावर ओरखडाही उठणार नाही, हे जाणून करा.

आता चौथ्या बोटाकडं येतो. ते इथं बसलंय. आपला पोरगा. हातात मोबाईल, डोक्यात राग. तो म्हणतो, सगळे चोर आहेत, मी कुणालाच देत नाही.

त्याचा राग खोटा नाही. आंबेगाव आणि जुन्नर या विधानसभेच्या दोन्ही जागा खुल्या आहेत, शिरूर लोकसभाही खुली. आपण गावोगाव मूठमूठ विखुरलेले. मोठ्या जातींच्या, साखर कारखान्यांच्या, दूध संघांच्या राजकारणात आपलं मत म्हणजे कालवणातलं मीठ. असलं तर कुणाला कळत नाही. १९३२ साली हाच पेच होता. जातीय निवाड्यानं अस्पृश्यांना दोन मतं दिली होती : एक आपल्या माणसाला, आपल्याच मतदारसंघात, आणि दुसरं सगळ्यांबरोबर. २४ सप्टेंबर १९३२ ला आपल्याच जिल्ह्यात, येरवड्याच्या तुरुंगात, त्यातलं एक मत काढून घेतलं गेलं. राखीव जागा वाढवून मिळाल्या, पण निवडायचा अधिकार सगळ्यांच्या ढिगात मिसळला. तेव्हा पोरगा म्हणतो की माझ्या मताला वजन नाही, तेव्हा तो नुसता रडगाणं गात नाही. त्याच्यामागं नव्वद वर्षांचा हिशेब आहे.

पण भावा, दुसराही हिशेब ऐक. २०२४ ला आंबेगावची जागा किती मतांनी गेली? दिलीप वळसे पाटील देवदत्त निकमांपुढं १,५२३ मतांनी निवडून आले. आणि देवदत्त निकम याच नावाचा दुसरा एक उमेदवार होता, त्याच्या चिन्हावर पडलेली मतं या फरकापेक्षा जास्त होती. कोण आला, कोण पडला, मला देणंघेणं नाही. मी आकडा बघतो. १,५२३ म्हणजे एसटीच्या तीसेक गाड्या. मुंबईतल्या या तालुक्याच्या पोरांनी ठरवलं असतं तर दोन्ही बाजूंचे पुढारी चाळींचे जिने चढून खोल्याखोल्यांत आले असते. मीठ मूठभरच असतं, पण ते कधी टाकायचं आणि कधी राखायचं हे ज्याला कळतं त्याच्या हाताकडं सगळं घर बघतं. कुलाब्यातला माणूस मत टाकून देतो तेव्हा त्याच्याकडं बाकीचं सगळं शिल्लक असतं. तू टाकून देतोस तेव्हा तुझ्याकडं काय उरतं? त्याची ऐट तू का उसनी घेतोस?

आणि हे एवढंसं मत तरी कुणी ताटात वाढून दिलं? इंग्रजी अमलात ज्याच्याकडं जमीन नाही, कर नाही, त्याला मत नव्हतं. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढं बाबासाहेबांनी सगळ्या सज्ञान स्त्री-पुरुषांना मत मागितलं. तेव्हा देशातले मोठमोठे शहाणे म्हणत होते की अडाण्याला कशाला मत. त्या अडाण्याची नातवंडं आज म्हणतात, कशाला मत. ऐकून त्या शहाण्यांना बरंच वाटलं असतं.

आता तुमच्यातला कुणीतरी उठेल आणि म्हणेल, मग पँथरनं काय केलं होतं? बहिष्कारच ना? केला होता. आणि मी त्याची लाज बाळगत नाही. तो नीट समजून घेऊ.

१९७२ साली परभणी जिल्ह्यात ब्राह्मणगावला आपल्या बायांची नग्न धिंड काढली. त्याच साली आपल्या पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यातल्या बावड्यात, गावानं बौद्धांवर बहिष्कार टाकला. रिपब्लिकन पुढारी काँग्रेसच्या पंगतीत बसलेले. त्या संतापातून १९७२ मध्येच पँथर उभी राहिली. पुढं मध्य-दक्षिण मुंबईची लोकसभेची जागा मोकळी झाली आणि जानेवारी १९७४ मध्ये पोटनिवडणूक लागली. काँग्रेसचे रामराव अदिक उभे, शिवसेनेचा त्यांना पाठिंबा. पँथरनं जाहीर केलं : आमच्यावर अत्याचार होतात तेव्हा तुम्ही गप्प, तर आता आमची पेटी गप्प. ५ जानेवारीला वरळीत सभा झाली, दगडफेक, लाठीमार, बीडीडी चाळींत दंगल. १० जानेवारीच्या मोर्चात वरून टाकलेला दगड डोक्यात पडून भागवत जाधव गेला. अदिक पडले. कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे निवडून आल्या.

गोदीत एक साधी गोष्ट कळते. ओझं चौघांनी धरलेलं असतं. एकानं गुपचूप हात काढला तर ते बाकीच्या तिघांच्या अंगावर येतं. त्याला आम्ही कामचुकार म्हणतो, आणि त्याचं पुढं कुणी ऐकत नाही. पण अख्ख्या टोळीनं आधी सांगून, मागणी ठेवून, एकाच वेळी ओझं खाली ठेवलं तर धक्का थांबतो. त्याला संप म्हणतात. हात दोन्हीकडं रिकामेच. पण एका हाताला मुकादम शिव्या देतो आणि दुसऱ्या हाताशी बोलणी करतो.

१९७४ चा बहिष्कार संप होता. त्याला कारण होतं, ते माईकवरून सांगितलेलं होतं, हजारो माणसं मागं होती, आणि त्याची किंमत त्यांनी रक्तानं भरली. घरात पंख्याखाली लोळत 'मी बहिष्कार टाकलाय' म्हणणाऱ्यानं भागवत जाधवचं नाव घेऊ नये.

पण संपाचाही हिशेब मागायचा असतो. अदिक पडले, आणि पुढं १९८३ मध्ये उपमुख्यमंत्री झाले. अत्याचार थांबले? २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. नाव प्रत्यक्षात लागलं १४ जानेवारी १९९४ ला, तेही विस्तार करून. सभागृहातला ठराव एकटा पुरला नाही, त्याला रस्त्यावरची साडेपंधरा वर्षं लागली. आणि रस्त्यावरच्यांनाही शेवटी सभागृहाकडूनच नाव लावून घ्यावं लागलं.

आणखी एक कडू गोष्ट सांगतो. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत बाबासाहेब उत्तर मुंबईतून उभे होते. तो दोन जागांचा मतदारसंघ, एक राखीव. मतदाराला दोन मतं, ती दोन वेगवेगळ्या उमेदवारांना द्यायची. बाबासाहेब काजरोळकरांकडून चौदा-साडेचौदा हजारांनी पडले, आणि बाद झालेल्या मतपत्रिका चौऱ्याहत्तर हजारांवर! कम्युनिस्ट पक्षाचे डांगे त्याच मतदारसंघात उभे होते. लोकांना दुसरं मत वाया घालवायला शिकवलं, अशी तक्रार घेऊन बाबासाहेब आणि अशोक मेहता न्यायाधिकरणात गेले. अर्ज फेटाळला गेला. आता रोझा देशपांडे कोण? डांग्यांची मुलगी. बावीस वर्षांनी आपण आपली पेटी गप्प केली आणि दार उघडलं ते त्याच घराला. मी बहिष्काराला दोष देत नाही. मी एवढंच म्हणतो की न दिलेलं मत हवेत राहत नाही. तेही कुणाच्या तरी पेटीत पडतं. कुणाच्या, ते आधी बघायचं.

बहिष्कार ही काही आपलीच मक्तेदारी नाही, हेही ध्यानात ठेवा. तमिळनाडूत मदुराई जिल्ह्यात पाप्पापट्टी, कीरिपट्टी अशी गावं आहेत. १९९६ साली तिथलं अध्यक्षपद दलितांसाठी राखीव झालं. वरच्या जातीनं दहा वर्षं तिथं पंचायत चालू दिली नाही. एकतर अर्जच नाहीत, नाहीतर निवडून आलेल्यानं लगेच राजीनामा द्यायचा. २००६ मध्ये कुठं ती कोंडी फुटली. आपण पिढ्यान् पिढ्या बहिष्कृत होतो. ते हत्यार कसं कापतं हे आपल्या अंगाला ठाऊक आहे. म्हणून ते उचलताना शंभर वेळा विचार करायचा.

काही जण नोटा सुचवतात. २७ सप्टेंबर २०१३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं ते बटन आलं. त्याआधी कुणालाच मत द्यायचं नसेल तर केंद्रावर सगळ्यांदेखत सांगून वहीत नोंद करावी लागे. गावात कुणाची छाती होती? त्या मानानं बटन बरं. २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये नोटाला २७,५०० मतं पडली, दुसरा नंबर! पण विधानसभेत नोटा पहिला आला तरी त्याच्या खालचा माणूस आमदार होतो. महाराष्ट्रात स्थानिक निवडणुकांसाठी मात्र राज्य आयोगानं २०१८ मध्ये आदेश काढला की नोटा पहिला आला तर फेरनिवडणूक घ्यायची. म्हणजे तिथं त्या बटनाला थोडे दात आहेत. ते माहीत असू द्या.

तर माझं म्हणणं असं. मत न देणाऱ्याचं बोट बघू नका. त्याला दोन गोष्टी विचारा. तू नाही दिलंस हे कुणाला सांगून, कुणाबरोबर ठरवून? आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी तू कुठं होतास? ज्याच्याकडं दोन्हींचं उत्तर आहे, त्याच्याशी वाद घालू, पण त्याला मान देऊन. ज्याच्याकडं एकाचंही नाही, त्याला सांगू की बाबा, तुझं ओझं आमच्या अंगावर आलंय. आणि हेच दोन प्रश्न शाई मिरवणाऱ्यालाही विचारा. बटन दाबून घरी गेला आणि पाच वर्षं तोंड उघडलं नाही, त्याचं बोट काळं असलं तरी हात रिकामाच.

आता कामाचं बोलू. नाव एकाच यादीत ठेवता येतं. ते गावाला ठेवायचं की मुंबईत आणायचं, हे प्रत्येकानं घरच्यांशी बोलून आत्ताच ठरवा, आचारसंहिता लागल्यावर नाही. मतदानाच्या सुट्टीचा अर्ज एकेकट्यानं नाही, अख्ख्या टोळीनं सह्या करून द्यायचा. एकाला काढता येतं, टोळीला काढायला मुकादम दहा वेळा विचार करतो. एखाद्या वाडीला रस्त्यासाठी, पाण्यासाठी बहिष्कारच टाकायचा असेल तर बायामाणसांसकट सभा घ्या, मागणी लिहून तहसीलदाराला द्या, त्याची पोच घ्या, आणि बहिष्कारानंतर काय करणार तेही त्याच कागदावर लिहा. आणि डोंगरातल्या भावांनो, जुन्नर-आंबेगावचा तुमचा पट्टा अनुसूचित क्षेत्रात आहे. १९९६ च्या पेसा कायद्यानं तिथल्या ग्रामसभेला अधिकार दिलेत. ती पाच वर्षांनी येत नाही आणि तिथं आमदाराला जेवढं मत तेवढंच तुम्हाला. तिथं गैरहजर राहणाऱ्यावर मात्र मी बेलाशक टीका करीन, कारण ते मैदान आपलं आहे आणि तेच आपण मोकळं सोडतोय.

मतदार यादीची छापील प्रत मी घोडेगावच्या केंद्रांपुरती आणली आहे. मुंबईत राहणाऱ्यांनी सभा संपल्यावर पुढं यावं, आपलं नाव शोधावं आणि समोर खोली नंबर लिहावा. कुणाचं नाव गायब असेल तर तेही आजच कळू दे.

जय भीम.